पाबळच्या जागी कोरेगाव

परवा माझ्या भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवरची एक खिडकी बोटानं ढकलली. ती पडद्याच्या कडेला जाऊन आपोआप अर्ध्या जागेत नीट बसली, आणि त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र राग आला. कुणावर ते सांगता येणार नाही, पण आला. आयुष्यातली ऐन विशीची दोन वर्षं मी शिरूरच्या एका दूध डेअरीत पडद्यावरच्या खिडक्या जागेवर बसवण्यात घालवली. ते काम आता बोटाच्या एका ढकलीत होतं, आणि ज्याचं होतं त्याला त्याचं काही वाटतही नाही.

त्या डेअरीची सहा चिलिंग सेंटरं होती: मलठण, पाबळ, कोरेगाव भीमा, न्हावरे, मांडवगण आणि दौंड. गावोगावचं दूध तिथल्या टाकीत गार होऊन थांबायचं आणि मग टँकरनं शिरूरला यायचं. कुणीतरी शहाण्यानं प्रत्येक टाकीला एकेक यंत्र बसवलं होतं. टाकीत दूध किती आणि त्याचं तापमान काय, हे ते यंत्र टेलिफोनच्या तारेवरून शिरूरच्या कॉम्प्युटरला सांगायचं. त्यासाठी सहा गावांच्या सहा टर्मिनल खिडक्या उघडाव्या लागत. टर्मिनल म्हणजे नुसती काळी चौकट. चित्र नाही, काही नाही, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून वर सरकत राहायच्या. ज्यानं हे बसवलं तो इंजिनिअर पुण्याहून दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आला नाही. मग दौंडच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलेली मी तिथं लागले.

आमचं घर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. वडील, म्हणजे आमचे दादा, पॉइंट्समन होते, रूळ बदलून गाड्या वळवणारे. शंटिंगच्या डब्यांचा धडाका बसला की आमच्या मांडणीतली पितळी भांडी हलायची, आणि जेवता जेवता दादा न बघताच सांगायचे, मालगाडी रिकामी आहे की भरलेली. रविवारी आईच्या हातचं मटण आणि बाजरीची भाकरी खाऊन मी सोमवारी पहाटेच्या एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूर गाठायची. बाकीचा आठवडा आत्याकडं. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, विधवा, एकटी राहणारी, आणि शाळेतला आवाज घरी आल्यावर खाली ठेवायची सवय तिला नव्हती. सकाळी तिची बुद्धवंदना, त्यातच मध्ये "सुजाता, दूध उतू चाललंय", परत वंदना. डब्यात सुकट किंवा लसणाची चटणी आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या. तिला माझं काम कधीच पटलं नाही. "दिवसभर काय करतीस?" असं ती विचारायची. मी म्हणायचे, खिडक्या लावते. "मग संध्याकाळी माझ्या पण लाव, डास येत्यात."

खिडक्या लावण्याचा प्रकार असा होता. दिवसातून तीन-चारदा वीज जायची. कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी मी यायच्या आधीच वारली होती, त्यामुळं वीज गेली की पडदा बंद. आली की सगळं पहिल्यापासून. सहा खिडक्या उघडायच्या, एकेकीत फोन लावायचा, मोडेमचं किंकाळणं ऐकायचं, लाइन लागली की ती खिडकी माउसनं ओढत तिच्या जागी न्यायची. त्या माउसच्या पोटात एक रबरी गोळी असे. तिला दुधाच्या पावडरीचा चिकटा बसायचा आणि बाण निम्म्यात अडकायचा. गोळी काढून पदराला पुसायची, परत घालायची, परत ओढायचं. एका खेपेला अर्धा तास जाई. आणि हे सगळं चालू असताना पाठीमागं आप्पा उभे.

आप्पा म्हणजे टँकर सुपरवायझर. पांढरा पायजमा-सदरा, खिशाला दोन पेनं, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. कुठला टँकर कुठल्या गावाला कधी पाठवायचा हे तेच ठरवत. रिटायर व्हायला त्यांना वर्षभर राहिलं होतं. मी आले त्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि टँकरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला, एवढंच. पण खिडक्यांच्या बाबतीत त्यांच्याइतका चिकट माणूस मी पाहिला नाही. डावीकडं वरून खाली मलठण, पाबळ, कोरेगाव. उजवीकडं न्हावरे, मांडवगण, दौंड. यात बोटभर फरक खपायचा नाही.

"वर घ्या जरा," ते म्हणायचे. "आजून. पाबळ कोरेगावच्या डोक्यावर चढलंय बगा."

"आप्पा, आकडे दिसतायत ना? मग चढलं तर चढू द्या."

"न्हाई, वर घ्या."

मी चिडायचे. तोंडानं नाही, पण माउस आपटायचे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर मी इंग्रजीत गावाचं नाव घातलेलं असे आणि आप्पांची नजर तिथं कधी जातच नसे. मराठी ते झरझर वाचत, चिठ्ठ्यांवरचं अक्षर तर मोत्यासारखं. इंग्रजी आकडे फोनच्या तबकडीमुळं ठाऊक होते. इंग्रजी अक्षरं मात्र येत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी त्या ऑफिसात कुणाला कळू दिली नव्हती. पडद्यावर गाव ओळखायचं ते जागेवरून. हे कळल्यावर मी काही बोलले नाही. माउस आपटणं तेवढं बंद केलं.

मग मी स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरनं एकामागून एक काय करायचं याची यादी. कॉम्प्युटरमध्येच इंग्रजी माहितीची पानं होती. ती शब्दकोश घेऊन वाचता वाचता मला कळलं की खिडकी उघडतानाच तिला चार आकडे सांगता येतात: रुंदी किती, उंची किती, डावीकडून किती अंतर, वरून किती. म्हणजे माउसची गरजच नाही. हे वाचलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी डोक्याला हात लावला. पाच महिने मी जी गोळी पुसत होते तिचं काम एका ओळीत होत होतं, आणि ती ओळ पहिल्या दिवसापासून त्याच डब्यात होती.

तरी त्या एका ओळीनं तीन आठवडे छळलं. आकडे पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत, द्यायचे की अक्षरांमध्ये, यातच चार दिवस गेले. एकदा सहाही खिडक्या एकमेकींवर चढून बसल्या, एकदा दौंड पडद्याच्या बाहेर गेलं आणि मी अर्धा दिवस दौंड शोधत बसले. फूटपट्टी घेऊन काचेवर मोजमाप करताना मॅनेजरनं मला पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. शेवटी जमलं. बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू, स्क्रिप्ट आपोआप सुरू, सहा फोन, सहा खिडक्या, सहा जागा. एखादी लाइन लागली नाही तर तिची जागा काळी, रिकामी. आप्पा पाठीमागं हात बांधून बघत राहिले. सहावी खिडकी बसली तेव्हा म्हणाले, "आता तुमी दौंडला असला तरी चालंल म्हंजी."

"चालंल," मी म्हणाले. आयुष्यात मी इतकी फुशारले नव्हते. दादांनी तर अख्ख्या क्वार्टरला सांगितलं की आपली पोरगी सहा गावं एका काचेत बघती.

मॅनेजर तरुण होता, पुण्याहून रोज मोटरसायकलवर यायचा. एके दिवशी संचालक मंडळ डेअरी बघायला येणार असं ठरलं, आणि त्याच दिवशी न्हावऱ्याची लाइन बंद होती. तो पडद्यापुढं येऊन उभा राहिला.

"हे मधेच भोक काय आहे?"

"न्हावऱ्याची लाइन लागली नाही, साहेब."

"वाईट दिसतं ते. पाहुण्यांना पहिलं तेच दिसणार. खिडक्या ओळीनं लागल्या पाहिजेत, मध्ये गॅप नको."

"पण साहेब, जागा ठरलेल्या आहेत. आप्पांना—"

"नावं लिहिलेली आहेत ना वर? मग जागेचं काय? करून टाका."

मी वाद घालायला हवा होता. आप्पांना इंग्रजी येत नाही, हे सांगितल्याशिवाय तो वाद होणार नव्हता, आणि ते मला सांगायचं नव्हतं. म्हणून मी तीन ओळी बदलल्या. लाइन लागली तरच खिडकी उघडायची आणि पुढच्या मोकळ्या जागेत बसवायची. न लागलेल्या गावाची जागा मागचं गाव घेणार, सगळी एकेक घर पुढं सरकणार, मोकळी जागा राहिलीच तर शेवटी. संचालक आले, बाहेरच्या मांडवात चहा-पोहे घेतले, हार घालून घेतले आणि गेले. कॉम्प्युटरच्या खोलीत कुणी पाऊलही टाकलं नाही.

त्या तीन ओळी मी दुसऱ्या दिवशी काढायला हव्या होत्या. उद्या काढू म्हणून राहिल्या. नंतरच्या तीन आठवड्यांत दोनदा एखादी लाइन लागली नाही आणि गावं सरकली. दोन्ही वेळा आप्पा खुर्चीत बसायच्या आत मी माउसनं खिडक्या जागेवर ओढल्या. त्यांना सांगितलंही नाही. सांगायचं तर का सांगतेय तेही सांगावं लागलं असतं.

मग तो सोमवार आला. आमची एसटी चौफुल्याच्या पुढं पंक्चर झाली, दुसरी मिळेपर्यंत दीड तास गेला, आणि मी डेअरीच्या फाटकात शिरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आप्पा फोन कानाला लावून उभे होते. टँकरचा ड्रायव्हर पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला दारातून ऐकू आलं.

"आप्पा, पाबळचं दूध बर्फावानी गार हाय. कशाला पळवलं मला हिकडं?"

आप्पा पडद्याकडं बघत होते. डावीकडची मधली खिडकी, पाबळची जागा, तिच्यात तापमान चारच्या जागी अकरावर गेलेलं. मी पुढं होऊन माथ्यावरचं नाव वाचलं. ते कोरेगाव होतं. मलठणकडं रस्त्याच्या खोदाईत तार तुटली होती, पहाटे वीज जाऊन आली होती, आप्पांनी बटण दाबलं होतं, आणि माझ्या स्क्रिप्टनं सांगितल्याप्रमाणं सगळी गावं एकेक घर पुढं नेऊन बसवली होती. कोरेगावला जाणारा टँकर आप्पांनी पाबळला वळवला होता.

मी कोरेगावला फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "कंप्रेसर पहाटेपासून बंद हाय, मॅडम. तुमच्या मशीनवर दिसत आसंल की. मी टँकरचीच वाट बघतोय." पूर्वी असं काही झालं की तो स्वतः फोन करायचा. पडद्यावर दिसायला लागल्यापासून कुणी कुणाला फोन करेनासं झालं होतं. टँकर पाबळहून कोरेगावला पोचेपर्यंत अख्ख्या टाकीतलं दूध नासलं होतं. ते त्यांनी तिथंच खड्डा घेऊन ओतलं. सकाळी चारला उठून चार-चार लिटर दूध किटलीत घेऊन आलेल्या बायका अजून सेंटरवरच होत्या, आणि त्यांच्यासमोर ओतलं, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

दुपारी मॅनेजरनं आप्पांना आत बोलावलं. काचेच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. "नाव वाचायचं ना वरचं. एवढं मोठं नाव लिहिलंय." आप्पांची नजर टेबलावर. "वाचता येतं ना?" मॅनेजरनं एका कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून त्यांच्यापुढं धरलं. तेही आम्ही पाहिलं, मी, टायपिस्ट आणि दोन शिपाई. आप्पांनी कागद हातात घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कॅन धुण्याच्या धक्क्यावर बसवलं. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. आज हे लिहितानाही मला त्या मुलीला खांद्याला धरून हलवावंसं वाटतं, की अगं ऊठ, आत जा, दहा पावलं आहेत.

संध्याकाळी आत्यानं ताट वाढलं. वांग्याचं भरीत होतं. मी भाकरी नुसती मोडत राहिले.

"काय झालं ते सांग, न्हाईतर जेव," आत्या म्हणाली. "दोन्हीतलं एक कर."

मी सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या माणसाला वाचता येत न्हाई, हे तुला ठाऊक होतं?"

"इंग्रजी येत नाही."

"तेच. ठाऊक होतं आन् तू जागा हलवल्यास." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आपल्या घरात पुस्तक यायला किती पिढ्या गेल्या, तुला सांगायला नको. वाचता न येणाऱ्याला हसणारी माणसं आपण बघितल्यात. उद्या जाऊन सांगायचं. शाळा बुडवून मी येऊ का बरोबर?"

ती खरंच आली असती, म्हणून मी एकटीच गेले. मॅनेजरला सगळं सांगितलं. त्या तीन ओळी कागदावर लिहून दाखवल्या. त्यानं त्या पाहिल्या आणि म्हणाला, "प्रोग्राम तर बरोबर चालला की. सांगितलं तेच त्यानं केलं."

"साहेब, पण चूक माझी आहे. जागा मी बदलल्या."

"मी सांगितलं म्हणून बदलल्या. आणि नावं बरोबर होती. ज्याला वाचता येत नाही त्याला त्या खुर्चीवर बसवलं, ती चूक. ती आता दुरुस्त झाली. जा, काम करा."

चूक कबूल करायला जावं आणि समोरच्यानं ती हातातच घेऊ नये, याच्याइतका वैताग मी नंतर कधी अनुभवला नाही. मी ते सगळं मराठीत लिहून काढलं, खाली सही केली आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं त्यावर चहाचा कप ठेवला.

मग मी धक्क्यावर गेले. गरम पाण्याची वाफ, कॅन आपटल्याचा आवाज, आणि त्यात एका पत्र्याच्या खुर्चीवर आप्पा कॅन मोजत बसलेले. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. संचालकांची भेट, तीन ओळी, दोनदा गुपचूप सरकवलेल्या खिडक्या.

त्यांनी समोरची कॅनची ओळ मोजून संपवली. मग म्हणाले, "मला शंका आली हुती."

"कसली?"

"पाबळची टाकी ल्हान हाय. त्या खिडकीत दूध जेवढं दावत हुतं, तेवढं पाबळच्या टाकीत मावतच न्हाई. मी टाक्या बशिवल्या तवापासून बगतोय. मला कळलं हुतं की ह्ये पाबळचं दूध न्हाई."

"मग आप्पा, टँकर का वळवला?"

"तुमी लावल्यालं हुतं ना," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलंच चुकत आसंल."

मी उठले, खोलीत गेले आणि स्क्रिप्ट काढून टाकली. वीज गेली की खिडक्या परत हातानं. आप्पांच्या जागी जो नवा पोरगेला क्लार्क बसवला होता त्याला इंग्रजी येत होतं, पण मांडवगणच्या ड्रायव्हरला कुठल्या वेळी कुठं गाठायचं आणि घोड नदीला पाणी आलं की कुठल्या रस्त्यानं वळवायचं, यातलं काही येत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यानं दोन टँकर एकाच गावाला पाठवले. त्याच दिवशी वीज चारदा गेली, आणि चारही वेळा मी सावकाश, माउसची गोळी पुसत, एकेक खिडकी ओढली. मॅनेजर येऊन उभा राहिला.

"ते आपोआप लागत होतं ना? काय झालं त्याचं?"

"काढलं, साहेब."

"का?"

"परत लावते. आप्पांना खुर्चीवर बसवा, त्यांच्यासमोर बसून लावते."

हे मी धाडसानं म्हटलं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मी इतकी वैतागले होते की नोकरी गेली असती तरी बरं, असं त्या क्षणी वाटत होतं. त्यानं मला काढलं नाही, कारण तो डबा दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. दोन दिवस त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी आप्पा धक्क्यावरून परत आले. न्याय म्हणून नव्हे, टँकर चुकत होते म्हणून. माझा तो कागद, कपाचा गोल डाग पडलेला, फाइलला लागला का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवी स्क्रिप्ट मी त्यांना शेजारी बसवून लिहिली. जागा पक्क्या. शिवाय प्रत्येक गावाच्या खिडकीला वेगळा रंग. रंगही एका शब्दात देता येतो, हेही त्याच पानांवर पहिल्यापासून होतं. पाबळला हिरवा आप्पांनी निवडला. कोरेगावला काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तांबडा द्या. इसरायला नगो." लाइन लागली नाही तर जागा काळी.

पहिल्या सकाळी सहाही खिडक्या लागल्या. आप्पांनी त्या पाहिल्या, मान हलवली, आणि फोन ओढून मलठणला लावला. "तापमान किती दावतंय तुमच्याकडं?" मग पाबळला. मग कोरेगावला. सहाही गावं त्यांनी विचारली, प्रत्येक आकडा काचेवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि मगच चिठ्ठ्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी शेजारी बसून असायचे. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी पडद्याकडं नुसतं पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. फोनला हात लावला नाही.

म्हणून मग मी फोन ओढला आणि मलठणला लावला.